हिरव्याखालचं लाल

रविवार, २३ एप्रिल १९८९. सनीव्हेल

ही वही पद्मजाकाकूंनी संक्रांतीला दिली. "रोज दोन ओळी लिहीत जा, डोकं ठिकाणावर राहील." आज एप्रिल संपत आला. एवढ्या दिवसांत या वहीने एक कोळी मारला, दोनदा कॉफीचा कप अंगावर घेतला आणि शेवटच्या पानावर एका जुन्या यामाहाची किंमत उतरवून घेतली. लिहिणं तेवढं राहिलं. कारण शोधायला गेलो तर सापडेलही, पण खरं म्हणजे आळस.

आज बसलोय ते एवढ्यासाठी की माझ्या हातून एक शहाणपणाचं काम झालं आणि ते सांगायला इथे कुणी नाही.

काका म्हणजे काकूंचे यजमान, डॉ. त्र्यंबक भागवत; मी यांच्याच घरी वरच्या खोलीत राहतो. साताऱ्याला माझ्या वडिलांच्या वर्गात होते. तीस वर्षं इथे अमेरिकेत लोकांना ऑपरेशनआधी भूल दिली. आता रिटायर झाले, तर चिनी भांडीवाले त्यांना भूल देतात. घरात एकशे बारा चिनी वस्तू आहेत. आकडा पक्का, कारण पुसतो मीच. दिवाणखान्यात फुलदाण्या, जिन्यात सिंह, संडासातसुद्धा एक हसरा टकलू, आपल्याला बसलेलं बघून हसणारा. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, म्हणून गाडी मी चालवायची आणि भांड्यांची बुडं मी बघून सांगायची. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या आणि इथे येऊन दोन मोटेलं नि एक डोनटचं दुकान बदललेल्या माणसाला दुसरं कोण काम देणार?

आज सॅन होझेच्या जुन्या बाजारात एक विक्रेता काकांना चारशे वर्षांची बशी दाखवत होता. बुडाची कड तपकिरी, कशी जुनी दिसते वगैरे. मी बोट ओलं करून फिरवलं आणि हुंगलं. बुटाचं पॉलिश. एन.सी.सी.मध्ये शनिवारी रात्री घासायचो तेच. विक्रेत्याने बशी काढून घेतली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. काका परत येताना गाडीत म्हणाले, "कुमार, तुला दृष्टी आहे."

नाक आहे, असं म्हणणार होतो. म्हटलं राहू दे. घरी आल्यावर त्यांनी मराठी मंडळातल्या चौघांना फोन करून सांगितलं. आता मी तज्ज्ञ. या गावात तज्ज्ञ व्हायला एवढंच लागतं.

शनिवार, ६ मे

सॅन फ्रान्सिस्को. क्लेमेंट स्ट्रीटवर मिस्टर लिऊ नावाचा एक म्हातारा चिनी आहे, काकांचा लाडका. दुकान म्हणजे एक बोळ. तो विकतो कमी, शिकवतो जास्त. अशा माणसांचा मला राग आहे. मास्तर व्हायचं तर शाळा काढावी.

आज धडा ब्राँझचा होता. तीन हजार वर्षं जमिनीत राहिलेल्या भांड्यावर हिरवा थर चढतो, म्हणे. तो हिरवा कुणीही डिंकात कालवून चिकटवू शकतो. पण खऱ्याच्या हिरव्याखाली लाल असतं. ते धातूच्या आतूनच आलेलं, निघता निघत नाही. "हिरवं माणूस करतो," म्हातारा बोट वर करून म्हणाला, "लाल काळ करतो. लाल करायला कुणाला सवड नाही." काका देवळात असल्यासारखे ऐकत होते. मी समोरच्या बेकरीतल्या पोरीकडे बघत होतो. ती ट्रे उचलताना दर वेळी खांद्याने केस मागे सारायची. वहीत लिहिण्यासारखं खरं ज्ञान ते.

म्हाताऱ्याच्या काउंटरवर एका मुलीचा फोटो आहे, सायकल धरून उभी. नात, शुलान. बीजिंगला शिकते. म्हातारा एकोणपन्नास साली निघून आला, मुलगा तिकडेच राहिला, तिकडेच मेला. नातीला त्याने कधी पाहिलेलं नाही. तिथल्या चौकात हल्ली पोरं बसलीत, बोर्ड घेऊन, लोकशाहीच्या घोषणा देत. ही पण त्यांच्यात. म्हातारा रेडिओ बंदच करत नाही. काकांशी बोलतानाही एक कान तिकडे.

येताना काकांना विचारलं, माझ्या फॉर्मचं काय. व्हिसा ऑगस्टअखेर संपतो. कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं तर राहता येईल, पण त्याला इथल्या नागरिकाने स्पॉन्सर म्हणून सही करावी लागते. काका म्हणाले, "बघू."

रविवार, १४ मे

म्हातारा आज स्वतः उगवला. ट्रेनने, हातात भाजीची जाळीची पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात भांडं. तीन पाय, दोन कान, लहान कुकरएवढं. अंगभर हिरवी बुरशी, आतून तर इतकी जाड की बूड दिसेना. काकांनी ते दोन्ही हातांनी जवळ घेतलं. विकायला म्हणून याने हे आजवर कधी बाहेर काढलं नव्हतं, असं ते मागाहून म्हणाले.

काकांनी किंमत विचारली. म्हातारा म्हणाला, "पैसे नकोत. सही पाहिजे."

नातीला कुठल्याशा कॉलेजात प्रवेश मिळालाय. स्पॉन्सर नाही. त्याच्या दुकानाची मिळकत बघून कुणी व्हिसा देणार नाही. डॉक्टरांनी बँकेतल्या नोटरीसमोर बसून कागदावर सही करावी, भांडं ठेवून घ्यावं. "महिनाभर घरात ठेवा," म्हणाला. "रोज बघा. मग ठरवा. अशा वस्तूशी आधी राहावं लागतं." त्यांच्यात तशी पद्धत आहे, म्हणे.

तो गेल्यावर स्वयंपाकघरात जे झालं ते मी जिन्यावरून ऐकलं.

काकू म्हणाल्या, "अहो, अकरा जणांसाठी सह्या केल्यात तुम्ही. तुमचे दोन भाऊ, माझा भाऊ प्रताप, त्या प्रतापचा मेव्हणा. प्रताप कुठे आहे आज? वर्षात एक फोन नाही."

"तो टेक्ससमध्ये आहे."

"मला माहितीय तो टेक्ससमध्ये आहे. गेल्या वर्षी काय ठरलं होतं आपलं? आणखी एक सही, मग बास."

"एक सही," काका म्हणाले.

"मग तो वर राहतोय तो पोरगा आहे ना."

पुढे भांड्यांचाच आवाज. काय असेल ते असो, एक सही आहे आणि आम्ही दोघं आहोत. हे मी लोभाने लिहीत नाही, वस्तुस्थिती म्हणून लिहितो.

भांडं काकांनी देवघराशेजारच्या कपाटात ठेवलं. काकांच्या मुलीच्या, विनीताच्या, मैत्रिणींचे हात तिथे पोचत नाहीत, म्हणून.

रविवार, २१ मे

बीजिंगमध्ये लष्कर बोलावलंय. टीव्हीवर दुसरं काही नाही. विनीता आता हायस्कूल संपवतेय, सोफ्यावर पाय घेऊन तेच बघत बसते. मी म्हटलं, यांचं होईल काय, चार दिवस बसतील, मग परीक्षा आल्या की घरी जातील. ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "यू डोन्ट नो दॅट, कुमार." मराठी येतं तिला, माझ्याशी बोलताना आठवत नाही.

बाजारात मात्र आनंदीआनंद. आज तीन दुकानांत गेलो. तिन्ही ठिकाणी 'नुकतंच बाहेर आलेलं' सामान. एकाकडे राजघराण्याची फुलदाणी होती, घाबरलेल्या कुटुंबाने हाँगकाँगला पाठवलेली. घाबरलेल्या कुटुंबाने बुडाचा प्राइस स्टिकर नखाने खरवडलेला, डिंक अजून चिकट. तिकडे पोरं उपाशी बसलीत आणि इकडे हे त्यांच्या नावाने गेल्या आठवड्यातली मडकी खपवतात. आणि डॉक्टर, इंजिनियर मंडळी डोळे ओले करून घेतात. चांगलं भांडं आणि वर पुण्यही.

मग लिऊ तरी वेगळा कशावरून? नात, चौक, रेडिओ, जाळीची पिशवी. सगळ्यांत चांगली गोष्ट त्याचीच आहे. गोष्ट जेवढी चांगली तेवढं पॉलिश जास्त, एवढं मला कळतं.

पण संध्याकाळपासून मनात येतंय की फोटो खरा वाटतो. सायकलची चेन पडलेली होती आणि तिच्या बोटांना काळं लागलं होतं. खोटा फोटो काढणारा चेन बसवून घेतो.

सोमवार, ५ जून

चौकात रणगाडे घुसले. माणसं मेली, किती ते कुणी सांगत नाही. काकांनी लिऊला सहा वेळा फोन केला. सातव्यांदा उचलला. काका "हो, हो" एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. नातीचा पत्ता नाही.

काकू म्हणाल्या, "जेवून घ्या आधी." कुणी जेवलं नाही. मी जेवलो.

शनिवार, १० जून

लिहायला बसलोय, हाताला अजून चिंचेचा वास आहे.

आज विनीता पास झाल्याचा सत्यनारायण. काकूंनी सकाळीच पितळेची सगळी भांडी काढली, चिंच भिजत घातली, मीठ घेतलं. मला घासायला बसवलं. तज्ज्ञ असलो तरी घासायला चालतो. समया, ताम्हन, पळी-पंचपात्र. मी मध्येच गॅरेजमध्ये गेलो, शेजाऱ्याची मोटरसायकल चालू होईना म्हणून. मोटरसायकल काही सुरू झाली नाही, पण तास गेला. परत येतो तो काकू सिंकशी उभ्या, हातात लिऊचं भांडं, निम्मं लखलखीत.

"अरे, केवढं कळकलंय हे," त्या म्हणाल्या. "ह्यांना काही कळतं का? देवाच्या भांड्यांत ठेवलंय. कुणी यात प्रसाद काढला असता तर पोटात विष गेलं असतं."

मी थांबवायला हवं होतं. पण हिरवं असं भराभरा सुटत होतं की बघतच राहिलो. चिंचेच्या पाण्याबरोबर सगळं सिंकमध्ये. मग मीही चोथा घेतला. आतली बुरशी मीच काढली.

हिरव्याखाली लाल निघालं, विटकरी. ते काही केल्या जाईना. काकूंनी काथ्या लावला, मी लिंबू लावलं, ढिम्म. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साताऱ्याला आमच्या घराखाली गॅरेज होतं. स्कूटर रंगवताना आधी लाल रेड ऑक्साइड मारतात आणि वर हवा तो रंग. तेच हे. लिऊ त्या दिवशी लालबिल सांगत होता ते काय, हे आता कळलं. स्वतः मारलेल्या अस्तराची आधीच जाहिरात. धन्य आहे. आणि यावर कडी म्हणजे आत, तळाशी, चार चिन्हांचा छाप निघाला. कंपनीचा. वरून बुरशी थापून झाकलेला.

काकांना मंडळाच्या बैठकीतून कुणीतरी संध्याकाळी आणून सोडलं, तोवर पूजा आटोपली होती. भांडं समईशेजारी चमकत होतं. ते दारातच उभे राहिले, मग खुर्ची ओढून बसले. काकू हात पुशीत म्हणाल्या, "कसं निघालं बघा. घासून घासून खांदे भरून आले."

मी म्हटलं, "काका, वाचलात. रंग होता सगळा. खाली अस्तर आहे, आत कंपनीचा छाप आहे, या बघा."

त्यांनी भिंग मागितलं. भांडं दिव्याखाली धरून इतका वेळ बघत होते की मला वाटलं झोप लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं. मोतीबिंदूचा त्रास. लालवरून एकदा बोट फिरवलं, मग त्या छापावरून, चारही चिन्हांवरून, एकेक. मग काकूंकडे बघितलं. काकूंचा चेहरा हळूहळू उतरत होता.

"काही बिघडलं का हो?" काकूंनी विचारलं.

"छे," काका म्हणाले. "बरं झालं घासलंस. खोटंच होतं. पळ्या ठेवायला होईल."

"मला मेलीला काय ठाऊक..."

"हाताला खोबरेल लाव. चिंचेने आग होते."

बास, एवढंच. एवढी मोठी फसवणूक उघडी पडली आणि हा माणूस खोबरेल सांगतो. मला शाबासकीही नाही. मी म्हटलं, लिऊला भांडं परत नेऊन देऊ, तोंडावर फेकू. काका म्हणाले, "मिस्टर लिऊंना काय कळवायचं ते मी बघतो. तू जायचं नाहीस."

विनीता प्रसादाच्या द्रोणातून शिरा खात सगळं ऐकत होती. जिन्यात मला म्हणाली, "यू वॉन्टेड इट टू बी फेक." मी म्हटलं, मराठीत बोल. ती म्हणाली, "तुला ते खोटंच हवं होतं." मराठीत जास्त लागलं.

मंगळवार, १३ जून

काल काका विनीताला घेऊन बँकेत गेले. मला गाडीची किल्लीसुद्धा मागितली नाही. विचारलं तर म्हणे पोस्टाची तिकिटं आणायची होती. बँकेत तिकिटं मिळतात असं अमेरिकेत पहिल्यांदाच ऐकलं. वय झालं की डोकं असंच चालतं.

भांड्यात पळ्या आल्या. दोन डाव, एक झारा, एक कालथा.

शनिवार, १७ जून

गेलो. जायचं नाहीस म्हटल्यावर माझ्या पायांना खाज सुटते. काकूंना सांगितलं बीचवर जातो.

लिऊ रेडिओजवळ बसला होता, पण रेडिओ बंद. नातीचं काही कळलं का, हे मी विचारणार नव्हतो, पण विचारलं. तो म्हणाला, जिवंत आहे, मावशीकडे गावी लपून आहे. ते ऐकून मला का बरं वाटलं कळेना. मग ठरवल्याप्रमाणे बोललो. म्हटलं, तुमचं भांडं बाईंनी चिंचेने घासलं आणि सगळा हिरवा रंग गटारात गेला.

त्याने बंद रेडिओ बाजूला सारला. मग म्हणाला, "सगळा?"

"सगळा."

"खाली काय होतं?"

"लाल."

"ते गेलं?"

"नाही गेलं. चांगल्या प्रतीचं वापरलंत. आणि आत तुमच्या कंपनीचा छाप आहे."

तो उभा राहिला. इतक्या पटकन की स्टूल पडलं. कागद आणि पेन्सिल पुढे केली, "काढून दाखव." काढून दाखवला. चार रेघोट्या, मला चांगल्या आठवत होत्या, मीच तर घासल्या. म्हातारा कागद खिडकीपाशी घेऊन गेला. पाठ माझ्याकडे. "माझे वडील म्हणायचे, आत काहीतरी असणार," तो म्हणाला. "पण कुणी खरवडायला धजलं नाही." एका चिन्हावर बोट ठेवून म्हणाला, "हे 'आजोबा'." चौथं त्याला लागेना, मी नीट काढलं नसेल म्हणाला.

मी म्हटलं, बरं आहे, आजोबा अँड सन्स.

तो हसला, चक्क. चोर पकडल्यावर हसतो तसा, असं मी स्वतःला सांगितलं. एका शब्दाने बाजू मांडली नाही, तोच पुरावा. फक्त विचारलं, "डॉक्टरांनी बाईंना काय सांगितलं?"

"खोटं आहे म्हणून सांगितलं. आणखी काय सांगणार?"

"हं," म्हातारा म्हणाला. मग स्टूल उचलून ठेवलं, मला चहा दिला आणि तो कागद ठेवून घेऊ का म्हणून विचारलं. निघताना म्हणाला, "भांडं परत आणू नकोस. बाईंचे हात फार मजबूत आहेत, असं सांग. नको, काहीच सांगू नकोस."

निर्लज्ज माणूस. चहा मात्र चांगला होता.

शनिवार, २६ ऑगस्ट

दोन महिने लिहिलं नाही. मध्ये यामाहा घेता घेता राहिली, अलास्काला मासळीच्या कारखान्यात जायचं ठरलं नि मोडलं. आज लिहायचं कारण म्हणजे गुरुवारी व्हिसा संपतो आणि काकांनी माझ्या फॉर्मवर अजून सही केलेली नाही. रोज 'बघू'. काल शेवटी म्हणाले, "कुमार, मी हिला शब्द दिलाय. आता सही नाही. तुझ्या तिकिटाचं मी बघतो." एकच सही होती ना, म्हटलं, मग ती गेली कुठे? तर मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिले. भिडस्त, भित्रा, बायकोच्या धाकातला माणूस. तीस वर्षं दुसऱ्यांना बेशुद्ध करण्यात गेली की

बेल वाजली म्हणून वर अर्धं सोडलं. आता पुरं करवत नाही.

काका-काकू गॅरेजमध्ये मंडळाच्या गणपतीचं मखर रंगवताहेत. दार मी उघडलं. एक मुलगी, कापलेले केस, हातात भाजीची जाळीची पिशवी, पिशवीत संत्री. पिशवी ओळखली, मग चेहरा. फोटोत सायकल होती. मी काही बोलायच्या आत तिने एक कागद पुढे धरला, पोलिसाला दाखवावा तसा. सवयच झाली असेल. स्पॉन्सरचा कागद. खाली काकांची सही, नोटरीचा शिक्का, बारा जून. 'नातं' या रकान्यात काकांनी लिहिलंय, मित्र.

बारा जून. सत्यनारायणानंतरचा सोमवार.

तिने सावकाश, शब्द जोडत सांगितलं. परवाच्या गुरुवारी उतरली. आजोबांनी पाठवलंय, डॉक्टरांना नमस्कार करायला. आणि आतली अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी वाचून यायला. तीन आजोबांना लागलीत, एक राहिलंय.

मी तिला बसा म्हटलं. मग स्वयंपाकघरात गेलो, पळ्या ओट्यावर ओतल्या आणि भांडं शर्टात गुंडाळून वर घेऊन आलो. का आणलं, विचारू नका. काकूंना कळू नये म्हणून आणलं असेल, की मिस्टर लिऊंच्या नातीला मी तोंड कसं दाखवू म्हणून, दोन्हीतलं कुठलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. भांडं पुढ्यात आहे. आत तेल आणि हळद लागलीय, ती पुसली. खाली लाल आहे.

साताऱ्याच्या गॅरेजमधलं रेड ऑक्साइड नखाने निघायचं. हे मी आत्ता नखाने खरवडून बघितलं.

खालून काकूंची हाक आली. "अरे कुमार, पळ्यांचं भांडं कुठे नेलंस? आण बघू खाली, मिस्टर लिऊंची नात आलीय."